अनोळखी वाटेवरचा विद्यार्थी : धर्मानंद कोसंबी

प्रस्तावना

परकी भाषा, विशेषतः इंग्रजी, शिकताना प्रौढ विद्यार्थ्याला सर्वांत मोठी अडचण जाणवते ती संकोचाची. घरात, शेतात किंवा कामाच्या ठिकाणी ज्याच्या शब्दाला मान असतो, त्याला नव्या भाषेत लहान मुलासारखे अडखळावे लागते. हे अडखळणे नकोसे वाटते. मग माणूस ओळखीच्या भाषेच्या उंबरठ्याआत राहणेच पसंत करतो. बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी हा उंबरठा आयुष्यात अनेकदा ओलांडला. गावातील मराठी शाळेत मिळालेले थोडेसे शिक्षण एवढीच त्यांची शिदोरी होती. पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही पुढे ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात संशोधनासाठी गेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले. हे कसे घडले आणि त्यासाठी त्यांना कोणती किंमत मोजावी लागली, याची ओळख या पाठात करून घेऊ.

सांकवाळचे दिवस

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. सरकारी कारभाराची भाषा पोर्तुगीज, घरात बोलायची भाषा कोकणी आणि वाचण्या-लिहिण्याची भाषा मराठी अशी तेथील हिंदू कुटुंबांची रीत होती. इंग्रजी शिक्षण घ्यायचे तर मुलाला घरापासून दूर ठेवावे लागे. लहानपणी धर्मानंदांची प्रकृती नाजूक होती. त्यांचे शालेय शिक्षण थोडक्यातच आटोपले आणि घरच्या नारळाच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढचे आयुष्य कसे जाणार, हे जणू ठरून गेले होते.

धर्मानंदांना मात्र वाचनाचा नाद होता. हाती येतील ती मराठी पुस्तके आणि मासिके ते वाचून काढीत. तुकारामांच्या अभंगांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात गौतम बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. राजवाड्यातील सुख सोडून सत्याच्या शोधात निघालेल्या त्या महापुरुषाने त्यांना झपाटून टाकले. बुद्धांनी नेमके काय सांगितले, ते मुळातून जाणून घ्यावे, अशी तळमळ त्यांना लागली.

परंतु तळमळ आणि ज्ञान यांच्यामध्ये भाषांची भिंत उभी होती. बुद्धांच्या उपदेशाचे प्राचीन ग्रंथ पाली भाषेत होते. पाली शिकण्याआधी संस्कृतचा पाया हवा होता. बौद्ध धर्माविषयी नव्याने होत असलेले लेखन बहुतांशी इंग्रजीत होते. धर्मानंदांना यांपैकी एकही भाषा येत नव्हती. सांकवाळमध्ये त्या शिकविणारे कोणी नव्हते. घर सोडण्याचे त्यांचे आरंभीचे प्रयत्न फसले. घरची ओढ, प्रकृती आणि पैशाची चणचण यांमुळे त्यांना परतावे लागले. पण मनातील इच्छा विझली नाही.

अखेर १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीचा, माणिकचा, जन्म झाला होता. तान्ह्या मुलीला आणि तरुण पत्नीला मागे ठेवून ते निघाले. चरित्रकार हा प्रसंग नेहमी त्यागाचा म्हणून सांगतात. पण हा त्याग एकट्या धर्मानंदांचा नव्हता. ज्ञानाच्या वाटेवर चालण्याचे समाधान त्यांना तरी मिळणार होते. बाळाबाईंच्या वाट्याला मात्र अनेक वर्षांची प्रतीक्षा आली. धर्मानंदांच्या यशाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

काशीतील विद्यार्थी

धर्मानंद प्रथम पुण्याला आले. तेथे त्यांनी थोर संशोधक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. संस्कृतचा पाया पक्का करायचा तर काशीला जावे, असे त्यांनी मनाशी ठरवले. जवळ पैसे नव्हते. ग्वाल्हेरमार्गे मजल दरमजल करीत १९०० साली ते काशीला पोहोचले.

काशी म्हणजेच वाराणसी. गंगेच्या काठावरील हे नगर शतकानुशतके विद्येचे माहेरघर मानले गेले आहे. महाराष्ट्राचा या नगराशी जुना ऋणानुबंध आहे. सध्याचे काशीविश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधले. पेशवे, शिंदे, भोसले यांनी येथे घाट आणि धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे चालविली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती होती. त्यामुळे काशीत आलेला मराठी विद्यार्थी अगदीच परका नसे. त्याच्या कानांवर मायबोली पडे आणि अन्नछत्रात पोटाची सोय होई.

तरीही धर्मानंदांसाठी हे जीवन सोपे नव्हते. वयाची तेविशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप असलेला हा गृहस्थ आता कोवळ्या मुलांबरोबर व्याकरणाची सूत्रे घोकू लागला. ज्या वयात इतरांचे शिक्षण संपलेले असते, त्या वयात त्यांनी पहिल्या पाठापासून आरंभ केला. महामहोपाध्याय गंगाधरशास्त्री तेलंग हे त्या काळातील काशीचे नामवंत पंडित. त्यांच्यासारख्या विद्वानांच्या सहवासात धर्मानंद संस्कृत शिकले. अन्नछत्रातील जेवण, उत्तरेकडील कडाक्याची थंडी, अपुरे कपडे अशा स्थितीत त्यांचा अभ्यास चालला होता. घरची बागायत सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या दारी जेवण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. धर्मानंदांनी तो संकोच गिळला. काशीने त्यांना संस्कृत दिले. त्याचबरोबर आपण अज्ञानी आहोत, हे मान्य करून शिकायला बसण्याची सवयही दिली. ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

काशीपासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर सारनाथ आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धांनी आपला पहिला उपदेश तेथेच केला, अशी परंपरा आहे. परंतु त्या वेळी सारनाथला मुख्यतः अवशेष होते. अशोकाच्या स्तंभावरील प्रसिद्ध सिंहशीर्षही तेव्हा जमिनीखाली होते. ते १९०५ च्या उत्खननात सापडले. बुद्धांच्या पहिल्या उपदेशाची भूमी इतकी जवळ होती. पण त्यांच्या उपदेशाची भाषा काशीच्या संस्कृत पाठशाळांत शिकविली जात नव्हती. ज्या शोधासाठी धर्मानंद घराबाहेर पडले होते, तो येथे पूर्ण होणार नव्हता. काशीत आता त्यांचा जम बसू लागला होता. गुरू होते, जेवणाची सोय होती, मराठी माणसांची सोबत होती. तेथेच राहून ते चांगले संस्कृत पंडित होऊ शकले असते. पण १९०२ साली त्यांनी काशी सोडली.

पालीच्या शोधात

काशीहून धर्मानंद नेपाळला गेले. तेथे त्यांची निराशा झाली. मग ते बुद्धगयेला आले. पाली ग्रंथांचा अभ्यास करायचा असेल तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावे, असा सल्ला त्यांना तेथे मिळाला. कोलकात्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते कोलंबोला पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगलाचार्य यांच्याकडे त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले.

पालीला स्वतःची अशी वेगळी लिपी नाही. ज्या देशात ती शिकली जाते, त्या देशाच्या लिपीत ती लिहितात. श्रीलंकेत सिंहली लिपीतील पाली ग्रंथ, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीतील ग्रंथ आणि युरोपात रोमन लिपीतील ग्रंथ, अशी स्थिती होती. त्यामुळे एक भाषा शिकण्यासाठी कोसंबींना अनेक लिपी शिकाव्या लागल्या. श्रीलंकेचे अन्न आणि हवापाणी त्यांना मानवेना. पुढे ते मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आले आणि तेथून ब्रह्मदेशात गेले. काही काळ ते भिक्षू होऊन राहिले. राजगृह, श्रावस्ती, लुंबिनी, कुशीनगर ही बुद्धांच्या जीवनाशी निगडित स्थळे त्यांनी पाहिली. घर सोडल्यापासून सहा-सात वर्षे ते असे भ्रमण करीत होते. प्रत्येक नव्या ठिकाणी त्यांना नवी भाषा, नवे अन्न आणि नवी माणसे भेटत होती. काशीत निदान मराठी कानावर पडत असे. पुढच्या प्रवासात तोही आधार उरला नव्हता.

इंग्रजीची निकड

याच काळात इंग्रजीचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. वरवर पाहता प्राचीन पाली ग्रंथ वाचणाऱ्याला इंग्रजीची काय गरज, असे वाटेल. पण परिस्थिती वेगळी होती. १८८१ साली लंडनमध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली होती. ही संस्था पाली ग्रंथ रोमन लिपीत छापून त्यांना इंग्रजी प्रस्तावना जोडत असे. चिल्डर्स यांचा १८७५ साली पूर्ण झालेला पाली शब्दकोश प्रसिद्ध होता. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीत दिलेले होते. म्हणजे भारताच्या भूमीत जन्मलेल्या भाषेतील एखादा शब्द त्या कोशात पाहायचा, तर भारतीय विद्यार्थ्याला आधी इंग्रजी येणे आवश्यक होते. ही परिस्थिती कोणाही स्वाभिमानी माणसाला बोचणारी होती. त्या बोचणीतून दोन मार्ग निघत. इंग्रजीकडे पाठ फिरवावी, हा एक. आणि इंग्रजी शिकून त्या विद्वानांच्या बरोबरीने काम करावे, हा दुसरा. कोसंबींनी दुसरा मार्ग धरला.

शाळेच्या इयत्तांतून इंग्रजी शिकत वर जाण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. जशी गरज पडेल, तशी ती त्यांनी आत्मसात केली. मद्रासमधील बौद्ध मंडळींत लक्ष्मी नरसू यांच्यासारखे इंग्रजीतून लेखन करणारे विद्वान होते. तेथे मराठीचा उपयोग नव्हता आणि तमिळ कोसंबींना येत नव्हते. अशा ठिकाणी मोडक्यातोडक्या इंग्रजीलाही मोल येते. शुद्ध बोलता येईपर्यंत गप्प राहायचे ठरवले असते, तर त्यांचा व्यवहारच थांबला असता.

कोसंबींच्या इंग्रजी शिकण्यात एक गोष्ट त्यांना अनुकूल होती. ज्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ त्यांना वाचायचे होते, तो विषय त्यांच्या परिचयाचा होता. पाली सूत्र आधी माहीत असेल, तर त्याच्या इंग्रजी भाषांतरातील अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने उलगडत जातो. सुतार, शिंपी, परिचारिका किंवा शेतकरी आपापल्या कामाविषयीचा इंग्रजी मजकूर वाचू लागले, तर त्यांनाही हाच अनुभव येईल. अनोळखी भाषेत शिरताना आपल्याला चांगले येणारे काम हाच भक्कम आधार असतो.

१९०६ मध्ये कोसंबी कोलकात्याला आले. वंगभंगाविरुद्धच्या आंदोलनातून तेथे राष्ट्रीय महाविद्यालय सुरू झाले होते. तेथे ते पाली शिकवू लागले. पुढे कोलकाता विद्यापीठातही त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. अनेक भाषांचे जाणकार हरिनाथ डे यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. संसाराची विस्कटलेली घडीही या काळात पुन्हा बसू लागली. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचा मुलगा दामोदर याचा गोव्यात जन्म झाला. हाच दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला.

कोलकात्यात मान होता आणि चांगल्या वेतनाची शाश्वती होती. परंतु आपल्या ज्ञानाचा लाभ मराठी भाषकांना व्हावा, ही कोसंबींची इच्छा होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. कोसंबींनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, अशी अपेक्षा होती. कोलकात्याच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. तरीही कोसंबींनी ती स्वीकारली. बडोदा येथे त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या माहितीसाठी त्यांना इतके देश पालथे घालावे लागले, ती आता मराठी वाचकाला घरबसल्या मिळू लागली.

हार्वर्ड विद्यापीठात

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी कोसंबींचा परिचय झाला. हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे काम अपुरे राहिले होते. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी रचलेला हा ग्रंथ बौद्ध साधनेचा मोठा आधारग्रंथ मानला जातो. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. परंतु १८९९ मध्ये त्याचे निधन झाले. हस्तलिखिते ताडून पाहणारा, पाली परंपरा आतून जाणणारा अभ्यासक विद्यापीठाला हवा होता. कोसंबींना निमंत्रण आले आणि १९१० साली ते इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेले.

या वेळी त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते. दहा वर्षांपूर्वी काशीच्या अन्नछत्रात जेवणारा विद्यार्थी आता बॉस्टनजवळच्या केंब्रिज या नगरात, जगातील एका अग्रगण्य विद्यापीठात आला होता. काशीत थंडी होती, येथे बर्फ होते. काशीत मराठी शेजार होता, येथे तो नव्हता. काम, चर्चा, पत्रव्यवहार, दैनंदिन व्यवहार हे सारे इंग्रजीतून करायचे होते. संस्कृतचे नामवंत अभ्यासक चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली त्यांना काम करायचे होते. त्यांच्या हाती इंग्रजी शाळेचे प्रमाणपत्र नव्हते की विद्यापीठाची पदवी नव्हती. परंतु जे काम करायचे होते, त्याची विद्या त्यांच्यापाशी होती. सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील ग्रंथ ते वाचू शकत होते. भिक्षूंच्या विहारात राहून पाली परंपरेचा त्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला होता. त्यांचे इंग्रजी उशिरा शिकलेले होते, पण त्या इंग्रजीतून जे सांगायचे ते कष्टाने मिळवलेले होते.

हार्वर्डमधील वास्तव्य सर्वस्वी सुखाचे झाले नाही. ग्रंथाच्या संपादनाचे श्रेय कोणाला किती द्यावे, यावरून लॅनमन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याहून अधिकाराने मोठ्या व्यक्तीपुढे आपली बाजू मांडणे सोपे नसते. कोसंबींनी ती मांडली आणि तडजोड होईना, तेव्हा १९१२ मध्ये ते काम सोडून भारतात परतले. एखादी भाषा येऊ लागली, याची ही एक खूण आहे. त्या भाषेतून केवळ आज्ञा समजून घेता येणे पुरेसे नसते. नकार देता यावा, आपला हक्क सांगता यावा लागतो.

पुढे कोसंबी पुन्हा तीन वेळा हार्वर्डला गेले. १९१८ ते १९२२ या दुसऱ्या वास्तव्यात माणिक आणि दामोदर ही मुले त्यांच्याबरोबर होती. माणिकने तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयात शिक्षण घेतले. जिच्या जन्मानंतर लगेच वडिलांनी घर सोडले होते, तीच मुलगी वडिलांबरोबर समुद्र ओलांडून शिकायला गेली. बाळाबाई मात्र या वेळीही भारतातच राहिल्या. १९२६-२७ मध्ये कोसंबींनी ‘विसुद्धिमग्गा’चे काम पुन्हा हाती घेऊन तडीस नेले. त्यानंतर १९३१-३२ मध्येही ते अमेरिकेत होते. रोमन लिपीतील हे संपादन हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत १९५० साली प्रकाशित झाले. ते पाहायला कोसंबी हयात नव्हते. मात्र याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच प्रसिद्ध केली होती.

ज्ञानाची परतफेड

पहिल्या अमेरिका प्रवासाहून परतल्यावर कोसंबींनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे, यासाठी डॉ. भांडारकरांबरोबर त्यांनीही प्रयत्न केले होते. त्यांच्या शिष्यांपैकी पु. वि. बापट यांनी पुढे पाली आणि बौद्ध विद्येच्या क्षेत्रात मोठा लौकिक मिळवला. ज्या भाषेसाठी कोसंबींना श्रीलंका आणि ब्रह्मदेश गाठावे लागले, ती आता पुण्याच्या विद्यार्थ्याला पुण्यातच शिकता येऊ लागली.

१९२२ नंतर काही वर्षे ते महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९२९ मध्ये ते रशियातील लेनिनग्राड येथेही गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. परदेशात मिळालेली प्रतिष्ठा आणि मायदेशातील कर्तव्य यांच्यात त्यांनी कधी अंतर पडू दिले नाही. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आपले दोष आणि फसलेले बेत मोकळेपणाने सांगितले आहेत. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ मराठीतील बुद्धचरित्रांत महत्त्वाचा मानला जातो. इंग्रजी, पाली, संस्कृत अशा अनेक भाषांतून मिळवलेले ज्ञान त्यांनी शेवटी साध्या, स्वच्छ मराठीत मांडले. इंग्रजी शिकल्यामुळे त्यांचे मराठी सुटले नाही. उलट मराठीला त्यामुळे नवे ग्रंथ मिळाले.

पुन्हा काशीत

अमेरिकेच्या अखेरच्या प्रवासानंतर, १९३४ च्या सुमारास, कोसंबी पुन्हा काशीत आले. काशी बदलली होती. १९१६ साली स्थापन झालेले बनारस हिंदू विश्वविद्यालय आणि १९२१ साली राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने उभारलेले काशी विद्यापीठ, या दोन्ही संस्थांशी त्यांचा संबंध आला. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ हा विचारप्रवर्तक ग्रंथ त्यांनी याच सुमारास लिहिला. तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारनाथलाही त्यांनी काही काळ वास्तव्य केले. चौतीस वर्षांपूर्वी जे नगर त्यांनी निराधार विद्यार्थी म्हणून पाहिले होते, तेथे आता ते मान्यवर पंडित म्हणून आले होते. पण तेव्हाही त्यांच्यातील विद्यार्थी निवृत्त झालेला नव्हता. जैन विचाराचा आणि प्राचीन भारतीय समाजाचा त्यांचा अभ्यास पुढे चालूच राहिला.

१९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार सुरू केला. आयुष्याच्या अखेरीस देह थकला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

धर्मानंद कोसंबी यांचे जीवन असामान्य होते. त्यांच्याप्रमाणे घरदार सोडणे प्रत्येकाला शक्य नसते आणि आवश्यकही नसते. आज पुस्तके, वर्ग आणि अन्य साधने पुष्कळांच्या आवाक्यात आली आहेत. पण एक गोष्ट तेव्हाइतकीच आजही खरी आहे. जेथे आपल्याला सारे काही येते, तेथे बसून नवी भाषा शिकता येत नाही. त्यासाठी चुकण्याचा, अडखळण्याचा, वयाने लहान असलेल्यांकडूनही शिकण्याचा कमीपणा काही काळ सोसावा लागतो. बागायतीतून काशीच्या पाठशाळेत, काशीतून परदेशी विहारात आणि तेथून हार्वर्डच्या ग्रंथालयात जाताना कोसंबींनी तो वेळोवेळी सोसला. म्हणूनच तेविसाव्या वर्षी व्याकरणाचा पहिला पाठ गिरवणारा हा माणूस अनेकांचा गुरू होऊ शकला.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे; (येथे) जवळ असलेली पुंजी
बागायत – पाण्यावर पिकवलेली नारळ, पोफळी इत्यादींची बाग
अन्नछत्र – विनामूल्य जेवण देण्याचे ठिकाण
ऋणानुबंध – जुने स्नेहाचे नाते
विहार – बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान
निकड – तीव्र गरज
तडीस नेणे – पूर्ण करणे

स्वाध्याय

१. काशीत जम बसत असतानाही धर्मानंद कोसंबी यांनी ते नगर का सोडले?
२. पाली भाषेच्या अभ्यासकाला त्या काळी इंग्रजी येणे का आवश्यक होते? दोन कारणे लिहा.
३. हार्वर्ड येथील मतभेदाच्या प्रसंगातून कोसंबींच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसून येतो?
४. ‘हा त्याग एकट्या धर्मानंदांचा नव्हता’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. तुम्ही जे काम करता, त्या कामाशी संबंधित दहा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. त्यांचे मराठी अर्थ लिहून प्रत्येकाचा एका मराठी वाक्यात उपयोग करा.
६. नवी भाषा किंवा नवे कौशल्य शिकताना तुम्हाला आलेल्या संकोचाविषयी आठ ते दहा ओळी लिहा.